एकोणनव्वद

शनिवारची सकाळची शाळा सुटून ऋतिका घराशी आली आणि उंबऱ्यातच थबकली. घर गप्प होतं. एरवी ह्या वेळेला आप्पांचा खोकला गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू यायचा. नवख्या माणसाला वाटावं, आत कोणी पत्र्यावर खडी ओततंय. आज खोकला नव्हता. ऑक्सिजनच्या मशीनची घरघर तेवढी येत होती, आणि उंबऱ्याशी मालुआत्तीच्या चपला होत्या, एक सुलटी, एक उलटी. उलटी चप्पल पडली की घरात भांडण होतं म्हणतात. ऋतिकानं पायानंच ती सुलटी केली, पण उशीर झाला होता. भांडण सकाळी नऊ वाजताच होऊन गेलं होतं.

मालुआत्ती म्हणजे आप्पांची थोरली लेक, निपाणीला दिलेली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिचे मालक गेले. तेव्हापासून तिचं बोलणं असं झालं होतं, की समोरच्यानं आधी हेल्मेट घालावं आणि मग नमस्कार करावा. महिन्या-दोन महिन्यांनी ती निपाणीहून बेळगावजवळच्या मच्छ्याला, माहेरी यायची, बापाच्या उशाशी बसायची आणि भावजयीच्या हातचं काय काय चुकलं ते मोजायची. ऋतिकाचे पप्पा फौजेत, लांब आसामात. त्यामुळं ऐकून घ्यायला आई एकटीच.

"आलीस? ये," आत्ती म्हणाली. "बघ तुझा आज्जा कसा झोपालाय. तीन म्हैन्यात असा झोपला असंल का? इचार तुझ्या आईला."

आप्पा खरंच झोपले होते. उशीवर मान एका बाजूला, तोंड उघडं, गाल गुलाबी. गुलाबी! आप्पांचे गाल ऋतिकानं जन्मात गुलाबी बघितले नव्हते. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत एकतीस वर्षं त्यांनी ओतीव लोखंड घासलं, वाळूची धूळ गिळली, वर बिडीचा धूर घेतला. त्या माणसाचा रंग राखेचाच असायचा. आत्तीनं त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून ठेवला होता आणि चिमट्यावर आकडा होता, अठ्ठ्याण्णव.

ऋतिकानं मशीनकडं बघितलं.

मशीनला एक काचेची उभी नळी होती आणि नळीत एक बारकी गोळी. चावी फिरवली की गोळी वर चढायची. गोळी जेवढी वर, ऑक्सिजन तेवढा जास्त. नळीवर एकच्या आकड्यापाशी एक लाल रेघ होती. ती ऋतिकानंच स्वतःच्या नेलपॉलिशनं ओढलेली. तीन महिन्यांपूर्वी आप्पांना दवाखान्यातून घरी सोडलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आईला बजावलं होतं. गोळी एकवर ठेवा, बोटावरचा आकडा अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव, खाली नको आणि वरही नको. आईला कार्डावरचं इंग्रजी वाचता येत नाही, पण लाल रेघ वाचता येते. तीन महिने ती गोळी रेघेवरून हलली नव्हती.

आता गोळी पाचावर नाचत होती.

"आत्ती, हे कुणी वाढवलं?"

"मी वाढवलं दोनवर, रवळूनं केलं पाच. का गं? इचारून करायचं होतं व्हय तुला?"

रवळूकाका पलीकडं खुर्चीत बसून चहा पीत होता. पप्पांचा धाकटा भाऊ. शेजारच्याच दोन खोल्यांत राहायचा आणि आप्पांच्याच फाउंड्रीत भट्टीवर होता. आज त्याची दुसरी पाळी, म्हणून अजून घरी. तो नुसता हसला.

काय झालं ते ऋतिकाला स्वयंपाकघरात गेल्यावर कळलं. आई ओट्याकडं तोंड करून गवारी मोडत होती, मोडून झालेली गवारीसुद्धा परत मोडत होती. तिनं हळू आवाजात जेवढं सांगितलं ते एवढंच. वन्सं नऊच्या सुमारास आल्या, बापाच्या बोटाला चिमटा लावला, तर आकडा आला एकोणनव्वद. मग जे सुरू झालं ते बाहेर गल्लीत बायका गोळा होईस्तोवर. सासऱ्याचा वारा मोजून देतीस, म्हणाल्या. नवरा फौजेत, म्हाताऱ्याचं करून कट्टाळलीस, आता हळूहळू गळा आवळालीस, असंही म्हणाल्या. आईनं एकदाच सांगितलं की बाई, डॉक्टरीणबाईंनीच एवढं ठेवायला सांगितलंय. त्यावर वन्सं म्हणाल्या, कोरोनात शेंबड्या पोरालाबी कळत होतं की चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की माणूस गेला, आणि तू मला एकोणनव्वद शिकवतीस.

"तू अडवलं का न्हाईस?" ऋतिकानं विचारलं.

गवारीचं देठ तुटल्याचा आवाज आला तेवढाच.

तीन महिन्यांपूर्वीची ऋतिका असती तर तीही आईशेजारी बसून गवारी मोडायला लागली असती. तेव्हा ती बोलायची ते स्वतःच्या पायाच्या अंगठ्याशी. पण दवाखान्यातल्या अकरा दिवसांत तिला तेजस्वी सिस्टर भेटली. ऋतिका रोज शाळेतून थेट तिकडं जायची, आणि सिस्टरला मोकळा वेळ असला की ती आप्पांच्या रक्ताची चिठ्ठी हातात धरून विचारायची, हे काय, ते काय. सिस्टरनं एक दिवस तिला बाकावर बसवून सगळं सांगितलं. फुप्फुसाला दोन कामं असतात गं. ताजं आत घ्यायचं आणि वापरलेलं बाहेर टाकायचं. तुझ्या आप्पांचं पहिलं काम अर्धं बिघडलंय आणि दुसरं त्याहून जास्त. तो वापरलेला वायू रक्तात साठतो, रक्त आंबट व्हायला लागतं, मेंदूवर झापड येते. बोटाचा चिमटा फक्त पहिल्या कामावर नजर ठेवतो. दुसऱ्याचं त्याला काही कळत नाही. ते कळायचं तर मनगटातल्या धमनीत सुई घालावी लागते, आणि ती लई दुखते. आप्पांसारख्याला ऑक्सिजन लागतो, पण बेतानं. भसाभस दिला तर त्यांचा श्वास सुस्तावतो आणि फुप्फुसातलं रक्तसुद्धा निकामी कोपऱ्यांकडं वळतं. आकडा छान दिसतो, माणूस आतून बुडत जातो.

ह्यावर ऋतिकानं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात सायकलची ट्यूब, बाटली आणि फुगे घेऊन भाषण केलं आणि तालुक्यात दुसरी आली. तेव्हापासून तिच्या तोंडाला कुलूप म्हणून राहिलं नव्हतं. वर्गात तिला गप्प बस म्हणून सांगावं लागायचं, आणि ते तिला भारी आवडायचं.

ती बाहेर आली आणि सरळ मशीनकडं गेली. आत्तीनं तिचं मनगट धरलं.

"हात काढ."

"आत्ती, ही झोप न्हवं. आप्पांच्या रक्तात घाण वायू साठालाय. गोळी खाली आणली पायजे."

"बघ रं रवळू, दहावीचा पेपर अजून द्यायचाय आणि डाक्टरीन झाली. एक पितळी कप काय मिळाला, आता बापजाद्यांस्नी श्वास घ्यायला शिकवणार."

"कप न्हवता, प्रमाणपत्र होतं," ऋतिका म्हणाली. हे बोलायची काही गरज नव्हती, पण राहवलं नाही.

रवळूकाकानं कप खाली ठेवला आणि समजुतीच्या सुरात सांगायला लागला. तो सूर आत्तीच्या शिव्यांपेक्षा वाईट होता. वीस वर्षं भट्टीवर हाय मी, म्हणाला. भट्टी मंद पडली तर आपण काय करतो, ब्लोअर वाढवतो. वारा गेला की कोळसा फुलतो, लोखंड पाणी होतं. माणसाचं वेगळं काय हाय त्यात? सकाळी म्हातारा धापा टाकालता, आता गार पडलाय. जा, गणितं सोडव जा.

ऋतिकानं मनगट सोडवून घेतलं आणि आप्पांच्या खाटेवर बसली. घड्याळाकडं बघत त्यांच्या छातीवर हात ठेवून तिनं श्वास मोजले. एरवी मिनिटाला चोवीस-पंचवीस. आता नऊ, तेही वरवरचे, चिमणीनं पाण्यात चोच बुडवावी तसे. तिनं आप्पांना हाक मारली. खांदा हलवला. मग जोरात हलवला. आप्पांनी डोळे अर्धे उघडले.

"आप्पा, हात वर करा. बस थांबवताय तसे. दोन्ही."

आप्पांनी हात उचलले. तळवे बाहेर, बोटं पसरलेली. आणि तळवे फडफडायला लागले. वायू साठल्याची हीच खूण सिस्टरनं सांगितली होती. एकदा खाली पडायचे, परत वर, परत खाली. आप्पांना त्याचा पत्ताच नव्हता. ते ऋतिकाकडं बघून म्हणाले, "साचा भरला रं. लाडल आण लौकर." आणि परत झोपले.

लाडल म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायची मोठी पळी. आप्पांनी फाउंड्री सोडून नऊ वर्षं झाली होती.

"स्वप्नात बोलालाय," आत्ती म्हणाली. पण ह्या वेळी तिचा आवाज जरा कमी चढला.

ऋतिकानं त्या क्षणाचा फायदा घेतला. ती उठली आणि चावी फिरवून गोळी लाल रेघेवर आणून ठेवली. आई दारात आली होती, तिला वाटलं नाकातली नळीच काढायची, आणि ती नळीला हात घालायला पुढं झाली. ऋतिकानं तिला थांबवलं. एकदम बंद करायचं नाही आई, ते लगेच जीवावर बेततं. एकवर, आपण ठेवतो तसं.

चिमट्यावरचा आकडा उतरायला लागला. सत्त्याण्णव. पंच्याण्णव. ब्याण्णव.

आत्तीचा चेहरा आकड्याबरोबर उतरत गेला. एक्क्याण्णव. नव्वद आला, तशी ती झटक्यात उठली, तिनं ऋतिकाला ढकललं आणि गोळी परत पाचावर नेली. ऋतिकाचं कोपर खाटेच्या लोखंडावर आपटलं.

"पोरीच्या अंगाला हात लावू नका, वन्सं," आई म्हणाली.

"तू बोलूच नगंस," आत्ती म्हणाली. ओरडली नाही. आवाज खाली आला होता आणि तो जास्त भयानक होता. "तुम्ही कुणी बघितलंय व्हय? मी बघितलंय. त्यांच्या बोटाला हाच चिमटा. संध्याकाळी ब्याण्णव. मी म्हटलं उतरंल. सकाळी एकोणनव्वद. मी फोन लावत बसले. निपाणी, चिकोडी, कोल्हापूर, बेळगाव, कुठं खाट न्हाय, कुठं सिलिंडर न्हाय. एकोणनव्वद, मग ऐंशी, मग त्या डबीत नुसती रेघ. तवा मला कुणी म्हटलं असतं ना, मालुबाई हे घे मशीन, चावी फिरव, तर मी चावी तुटंपर्यंत फिरवली असती. आता घरात मशीन हाय आणि तुम्ही ते एकवर ठेवताय."

ऋतिकाला रडू आलं, कोपर दुखत होतं म्हणून आणि आत्तीसाठीही. पण रडत बसले तर आप्पा जातील, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आत्तीला आता काही सांगणं शक्य नव्हतं. चाळीस किलोच्या पोरीनं तिला बाजूला सारणंही शक्य नव्हतं. राहिला रवळूकाका. गोळीवर जोर चालेल असा हात घरात तेवढाच होता.

"काका," ती म्हणाली, "भट्टीचं धुराडं चोंदलं तर ब्लोअर वाढवून काय होतं?"

"काय होतंय? धूर मागं फिरतो. चार्जिंगच्या, म्हंजे माल टाकायच्या दारातनं बाहेर येतो."

"तुमच्याकडं एकदा तसं झालतं न्हवं?"

रवळूकाकानं तिच्याकडं बघितलं. ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती, आप्पांनी शंभर वेळा सांगितलेली. नवीन नवीन लागला होता तेव्हाची. वरच्या फलाटावर उभं राहून भट्टीत कोळसा नि लोखंड टाकायचं काम त्याच्याकडं होतं. त्या दिवशी माल आत अडकून बसला, धुराडं कोंडलं, आणि खालच्या माणसानं भट्टी मंद पडली म्हणून ब्लोअर वाढवला. धुरातला तो विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही. फलाटावर दोघं होते, रवळू आणि त्याचा जोडीदार.

"आप्पांनी तुमाला वर बघितलं तवा तुमी कसं दिसत होता?"

काकानं खाटेवरच्या आप्पांकडं बघितलं.

"सांगा की, काका. आप्पा काय म्हणतात?"

"झोपल्यागत," काका म्हणाला. "लाल. लाल गुलाबी झालतो म्हणे. जोडीदाराला बघून खालचा माणूस म्हणाला, झोपू दे, रात्रपाळी करून आलाय. आप्पानं न्हाय ऐकलं. आप्पानं दोघांस्नी पाय धरून वढत खाली आणलं."

"तो वायू वेगळा, काका, आणि आप्पांच्या अंगात साठलाय तो वेगळा. पण धुराडं चोंदलंय ते तसंच. तुमी खालनं वारा वाढवालाय."

काका उठला. खाटेजवळ गेला आणि आप्पांचा गुलाबी गाल बोटानं दाबून बघितला. मग त्यानं चावी फिरवली आणि गोळी लाल रेघेवर आणली. आत्ती पुढं झाली तसा तो मशीनसमोर पाठ करून उभा राहिला. भट्टीवरच्या माणसाची पाठ ती, दारासारखी.

"बाजूला हो, रवळ्या."

"न्हाय, आक्का."

"बापाला मारालास."

"मारालो असंन तर माझ्या हातानं मारालोय. तू मागं सर." आणि त्यानं मोबाईल काढून गल्लीतल्या मंडळाच्या ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

ॲम्ब्युलन्स पंधरा मिनिटांत आली. त्या पंधरा मिनिटांत आत्तीनं दोघा बहीण-भावांचं लहानपणापासूनचं सगळं काढलं. रवळूला तिनं कडेवर वाढवला, त्याची शी-शू काढली, तो असा निघाला. काका तसाच चावीपुढं उभा होता. ऋतिका आप्पांच्या कानात सारखं बोलत होती, त्यांना झोपू देत नव्हती. चिमटा नव्वदवर येऊन थांबला आणि तिथंच राहिला.

गाडीबरोबरचा माणूस उंच, घाईतला, कन्नड बोलणारा. त्यानं आप्पांकडं एकदा बघितलं, चिमट्याकडं बघितलं, आणि गाडीतला मोठा मास्क काढून सिलिंडर पूर्ण उघडायला लागला. ऋतिकानं दवाखान्याचं कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं. त्यानं ते बाजूला सारलं आणि तिला कन्नडमध्ये गप्प बसायला सांगितलं. लहान मुलांनी मधे बोलू नये, पेशंट बेशुद्ध होतोय, दिसत नाही का. आत्ती त्याच्या बाजूनं. बघा, हा तरी शहाणा माणूस, म्हणाली.

आणि तेव्हा आई बोलली. सकाळपासून वन्संपुढं जिनं दोन वाक्यांच्या वर तोंड उघडलं नव्हतं ती आई. तिचं माहेर हुक्केरीकडचं, कन्नड तिच्या तोंडात पाण्यासारखं. ती गाडीच्या पायरीवर चढून त्या माणसाच्या इतकी जवळ गेली की तो मागं सरला. तीन महिने ह्या माणसाची गोळी मी सांभाळलीय, म्हणाली. अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव. कार्डावर डॉक्टरांची सही आहे. त्याच्या वर एक आकडा नेलात आणि ह्यांना काही झालं, तर तुमचं नाव काय ते आत्ताच इथं सांगून जा. त्या माणसानं कार्ड हातात घेतलं. वाचलं. मोठा मास्क परत ठेवला आणि बारकी नळी लावली. रस्ताभर त्यानं तोंड फुगवलं होतं, पण गोळी एकवर होती.

दवाखान्यात त्यांनी आप्पांच्या मनगटातून रक्त काढलं. आप्पा त्या सुईनं कण्हलेसुद्धा नाहीत, आणि सगळ्यांत जास्त भीती ऋतिकाला त्याचीच वाटली. दहा मिनिटांत चिठ्ठी आली. तीन महिन्यांपूर्वी घरी सोडताना तो घाण वायू होता अठ्ठावन्न. तेव्हाही जास्तच, पण शरीरानं सवय करून घेतलेली. आता होता ब्याण्णव. रक्ताच्या आंबटपणाचा आकडा सात पूर्णांक एकवीस. चांगल्या माणसाचा सात पूर्णांक पस्तीसच्या खाली जात नाही. ऑक्सिजन मात्र सदुसष्ट, आप्पांसारख्याला हवा तेवढा. एवढा चांगला आकडा आणि एवढा वाईट माणूस एकाच कागदावर.

डॉक्टरीणबाई त्याच होत्या, तीन महिन्यांपूर्वीच्या. आप्पांच्या तोंडावर त्यांनी घट्ट मास्क बांधला. तो नुसता वारा देत नाही, प्रत्येक श्वासाला ढकलून आतलं बाहेर काढतो. मग त्या बाहेर आल्या. चेहरा दगडाचा.

"ऑक्सिजन कुणी वाढवला?"

आईनं खाली बघितलं. काका पुढं होणार होता, पण आत्तीनं त्याला हातानं मागं केलं.

"मी," ती म्हणाली. "आणि उद्या परत एकोणनव्वद दिसला तर परत वाढवीन. माझ्या डोळ्यासमोर त्या आकड्यावर माणूस गेलाय. हे वेगळं कसं ते मला कुणीतरी सांगस्तोवर मी वाढवणार."

डॉक्टरीणबाईंच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं ते त्यांनी गिळलं. आतून त्यांना हाक आली. जाता जाता त्यांनी ऋतिकाच्या हातात चिठ्ठी दिली. "तुला येतं ना वाचायला? तू सांग," म्हणाल्या आणि गेल्या.

मग ऋतिकानं बाकावर बसून आत्तीला सांगितलं, सिस्टरनं तिला सांगितलं होतं तसंच, बोट ठेवून ठेवून. हे आत आलेलं. हे बाहेर न गेलेलं. हे आंबट झालेलं. आत्ती समोरच्या भिंतीकडं बघत होती. ऐकतेय की नाही कळत नव्हतं. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं,

"मग आमचे मालक? त्यांस्नी ते मिळालं असतं तर असंच झालं असतं?"

"न्हाय, आत्ती," ऋतिका म्हणाली. "त्यांचं बाहेर टाकायचं काम बरं होतं. आत यायचंच कमी पडत होतं. त्यांना खरंच जास्त लागत होता. तुमी बरोबर होता तवा."

आत्तीनं पदर तोंडावर ओढला. मग पदर खाली घेतला आणि ऋतिकाला म्हणाली, "कोपर बघू. सुजलंय. चपळाई असती तर बाजूला झाली असतीस की." हीच तिची माफी. आईची तर तिनं तेवढीही मागितली नाही.

दोन तासांनी परत सुई टोचली, ब्याण्णवचे चौऱ्याहत्तर झाले होते. ह्या वेळी आप्पांनी सुई टोचणाऱ्या पोराला अस्सल फाउंड्रीतली शिवी दिली, आणि ती ऐकून काका बाहेर येऊन रडला. दुसऱ्या दिवशी सकाळी एकसष्ट.

सहाव्या दिवशी आप्पा घरी आले. आत्ती निपाणीला गेली नाही. कुणी राहा म्हटलं नव्हतं, कुणी जा म्हणायची हिंमत केली नव्हती. तिनं ऋतिकाची नेलपॉलिशची बाटली मागून घेतली आणि नळीवरची रेघ स्वतः परत ओढली, जाड, वाकडी, लांबून दिसेल अशी. उरलेलं पॉलिश ऋतिकाच्या दोन नखांना पुरलं नाही.

दुपारी शेजारच्या रुक्माबाई आप्पांना बघायला आल्या. आप्पा भिंतीला टेकून खोकत होते, गाल राखेचे. रुक्माबाईंनी चिमट्यावरचा आकडा बघितला आणि चुकचुकल्या.

"एकोणनव्वदच? वाढवा की गं थोडं. म्हातारं माणूस धाप टाकालंय." आणि मायेनं चावीकडं हात नेला.

"ती रेघ दिसाली न्हवं?" आत्ती म्हणाली. "तिच्या वर गोळी गेली, तर हा हात खांद्यातनं काढून तुझ्या पिशवीत घालून देतो घरी."

रुक्माबाई चहा न पिताच गेल्या. आता आठवडाभर गल्लीत काय काय बोललं जाणार ते सगळ्यांना कळलं.

"वन्सं, बघायला आलेल्या माणसाला असं बोलतात व्हय?" आई आतून म्हणाली.

"तू मला बोलायला शिकवू नगंस. आधी चहा करायला शिक. नुसतं पाणी हाय."

"मग उठून स्वतः करून प्यावा की. चूल काय पळून गेली न्हाय."

ऋतिकानं श्वास धरला. खाटेवरच्या आप्पांनीसुद्धा खोकला आवरला. आईनं आत्तीला उलट उत्तर दिलं होतं, आणि तेही भांडी विसळता विसळता, मागं न बघता.

आत्ती स्वयंपाकघराच्या दाराकडं टक लावून बघत राहिली. मग तिनं तो पाणचट चहा शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला, कप खण्णकन खाली ठेवला, आणि बापाच्या बोटाचा चिमटा काढून परत नीट बसवला.

"एकोणनव्वद," ती आतल्या दिशेला ओरडली, शिवी द्यावी तशी. "ऐकालीस न्हवं गं शालू? एकोणनव्वद हाय."

"ऐकालोय," आई म्हणाली.